भरलेली गाडी आणि उतरलेली बॅटरी



व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या मनात कामगार कायद्याचा विषय होता. आम्ही त्यांना म्हटले, कायद्यावर बोलणारे विद्वान वकील या पुणे शहरात पुष्कळ आहेत, आम्हांला बॅटरीवर बोलू द्या. चिटणीस जरा चपापले. बॅटरीवर तासभर काय बोलणार, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. पण गृहस्थ भले, नाही म्हणाले नाहीत. तेव्हा आज आपला विरस झाला तर दोष त्यांचा नाही, आमचा समजावा.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढची नऊ वर्षे मोटारींच्या वायरिंगच्या एका दुकानात गेली, आणि त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे चालकांच्या संघटनेत. दुकानातले उस्ताद गाडी आली की आम्हां पोरांना एकच वाक्य ऐकवत : "आधी मीटर, मग तोंड." गाडी का बंद पडली याबद्दल मत देण्यापूर्वी मीटर लावून आकडा पाहा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे संघटनेत आल्यावर आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली, वाचनालयाची वर्गणी कधी थकवली नाही. परंतु या चार शब्दांइतका उपयोग फार थोड्या पुस्तकांचा झाला.

आता विषयाकडे वळू. आज या सभागृहाच्या आवारात आम्ही पाच-सहा तरी हिरव्या पाटीच्या मोटारी पाहिल्या. विजेवरची मोटार घेणाऱ्याला एक काळजी पहिल्या दिवसापासून असते : गाडी किती किलोमीटर जाईल, आणि वाटेत वीज संपली तर काय. दुसरी काळजी मात्र त्याला कोणी सांगत नाही. ती एखाद्या सकाळी स्वतःच दाराशी येऊन उभी राहते. काल रात्री काट्यावर ऐंशी टक्के वीज होती. सकाळी किल्लीचे बटण दाबावे तर दार उघडत नाही. कसेबसे उघडले तर पडदा काळा, किंवा त्यावर लाल-पिवळ्या दिव्यांची दिवाळी. ब्रेक निकामी, स्टिअरिंग निकामी, सगळेच निकामी असल्याचा इशारा, आणि बॉनेटखाली कुठेतरी टक्-टक् असा बारीक आवाज. गाडीच्या पोटात दोनशे किलोमीटरची वीज आहे, पण गाडी जागची हलत नाही. पेट्रोलची गाडी असती तर चार माणसांनी धक्का मारून सुरू केली असती. या गाडीला धक्क्याने काही होत नाही.

असे का होते? विजेच्या मोटारीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, तळाशी बसवलेली, बहुतेक गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टची. चाके फिरवते ती ही. दुसरी साधी, बारा व्होल्टची, शिसे आणि गंधकाम्लाची. पेट्रोल गाडीत असते तिचीच सख्खी बहीण. पुस्तकात तिला साहाय्यक बॅटरी म्हणतात. आमचे चालक तिला छोटी म्हणतात. आम्हीही तेच म्हणू. दिवे, भोंगा, वायपर, दारांची कुलुपे, पडदा आणि गाडीतले सगळे लहानमोठे संगणक या छोटीवर चालतात. जगभरचे दिवे आणि भोंगे बारा व्होल्टचेच बनतात, तेव्हा ती ठेवली हे एक कारण झालेच. पण खरे कारण दुसरे आहे आणि ते शहाणपणाचे आहे. चारशे व्होल्टचा दाब माणसाला ठार करू शकतो. म्हणून गाडी बंद केली की मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडली जाते. हे तोडण्या-जोडण्याचे काम कॉन्टॅक्टर नावाचे जाड स्विच करतात, आणि त्यांना जोडून धरण्याची शक्ती येते छोटीकडून. छोटीचा जोर गेला की स्विच आपोआप सुटतात. कोठाराच्या देवडीवर पहारेकरी असावा, आणि तो झोपला तर दार उघडे न राहता बंद व्हावे, अशी ही योजना आहे. अपघातात ती प्राण वाचवते. पण पहारेकरी उपाशीपोटी झोपला, तर कोठार धान्याने भरलेले असूनही घरच्या माणसाला दाणा मिळत नाही.

मग पहारेकऱ्याला जेवू कोण घालते? पेट्रोल गाडीत इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर घालतो. येथे इंजिनच नाही. येथे डी.सी.-डी.सी. कन्व्हर्टर नावाची एक पेटी असते. मोठीचे तीनशे-चारशे व्होल्ट उतरवून ती छोटीला चौदाच्या आसपास देते. परंतु ही पेटी चालते कधी? गाडी चालू स्थितीत असताना, म्हणजे पडद्यावर 'रेडी' ही अक्षरे असताना. आणि बहुतेक गाड्यांत मोठी बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होऊन छोटीला घास भरवतात, काही भरवत नाहीत. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे तिच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि ते पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टणासकट पडलेले असते.

म्हणजे छोटी उतरण्याची कारणे मुळात तीनच. तिला अन्न मिळाले नाही. किंवा गाडी झोपेत असताना कोणी तिचे अन्न चोरले. किंवा तिचे स्वतःचे पोट बिघडले. यांतले कोणते, हे न पाहता निकाल दिला तर काय होते, ते आता सांगतो.

२०२३ ची दिवाळी. हिंजवडीच्या कंपन्यांतील नोकरदारांची ने-आण करणाऱ्या एका ठेकेदाराकडे विजेच्या गाड्या होत्या. दिवाळीत कंपन्या बंद, तेव्हा गाड्या वाकडजवळच्या एका मोकळ्या जागेत सहा दिवस उभ्या राहिल्या आणि चालक बीड, लातूर, धाराशिवकडे आपापल्या गावी गेले. परत आले तो नऊ गाड्या मेलेल्या. ठेकेदाराने क्रेन बोलावली, गाड्या उचलून नेल्या, आणि पुढच्या पगारातून प्रत्येक चालकाचे दोन हजार चारशे रुपये कापले. कारण लिहिले : "दिवा चालू ठेवल्याने बॅटरी उतरली. चालकाची हयगय." नऊ चालक, नऊ कागद, आणि नऊ कागदांवर एकच वाक्य. दिवा कोणता, कोणी पाहिला, याचा एक शब्द नाही.

नुकसान कामगाराच्या प्रत्यक्ष हयगयीने झाले असेल तरच, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावरच पगारातून वजावट करता येते, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. तेव्हा मोर्चा काढावा, निवेदन द्यावे असे आमच्या तरुण कार्यकर्त्यांचे मत पडले. आम्ही म्हटले, मोर्चा पळून जात नाही. आधी मीटर. ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाला आम्ही विनंती केली की, एका रविवारी तुमच्यासमक्ष गाड्या तपासू द्या. दोष चालकांचा निघाला तर आम्ही कापलेल्या पैशांबद्दल अवाक्षर काढणार नाही. हे वाक्य आमच्या तोंडून जरा घाईने गेले, हे पुढे कळले.

तपासणी कशी केली ते क्रमाने सांगतो, कारण आपल्यापैकी कोणालाही ती तशीच करता येईल. पाच-सातशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर पुरतो. गाडीत केशरी रंगाच्या जाड वायरी दिसतील. तो मोठ्या बॅटरीचा रस्ता आहे. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या झाकणांचे स्क्रू सोडायचे नाहीत. आपले सगळे काम छोटीच्या दोन टर्मिनलांपाशी. हातात अंगठी किंवा धातूचा पट्टा असेल तर काढून ठेवावा. छोटी बारा व्होल्टची असली तरी पान्याने दोन्ही टर्मिनले जोडली गेली तर पाना लाल होतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडीही नको.

पहिली पायरी डोळ्यांची. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे काय? चिमटा हाताने हलतो काय? पुष्कळदा रोग येथेच सापडतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासावे, कोरडे करावे, चिमटा घट्ट करावा, वर थोडी पेट्रोलियम जेली लावावी. सैल टर्मिनलपायी नवी बॅटरी विकत घेतलेली माणसे आम्ही किती पाहिली त्याची गणती नाही. आम्ही दुकानात होतो तेव्हा क्वचित आम्हीही विकली असेल.

दुसरी पायरी, निजलेल्या छोटीचा दाब. गाडी बंद करून काही तास, शक्यतो रात्रभर, तशीच ठेवावी आणि मग मीटर लावावा. शिशाची बॅटरी सहा घरांची, प्रत्येक घर दोन व्होल्टांहून किंचित अधिक. पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दिसेल. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ वर आली म्हणजे पाव उरली. ११.९ च्या खाली तिच्यात काही राहिलेले नाही. पाहा, भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टाचेही अंतर नाही. "बारा दाखवते आहे, म्हणजे बॅटरी चांगली," असे म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याशी वाद घालू नये, पण त्याच्या हाती गाडीही देऊ नये. हे आकडे शिशाच्या बॅटरीचे. अलीकडे काही परदेशी गाड्यांत छोटीही लिथियमची येऊ लागली आहे, तिचे आकडे वेगळे.

तिसरी पायरी, गाडी 'रेडी' करून पुन्हा तेथेच मीटर. आता आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढला पाहिजे. चढला म्हणजे कन्व्हर्टर अन्न देतो आहे. काही गाड्या छोटी भरली की दाब मुद्दाम तेराच्या आसपास खाली घेतात, तेव्हा एकदम घाबरू नये. पुढचे मोठे दिवे लावून पुन्हा पाहावे. पण आकडा बारावरच बसून राहिला आणि दिवे लावताच आणखी खाली घसरू लागला, तर अन्न येतच नाही. एखादा जाड फ्यूज उडाला असेल किंवा कन्व्हर्टरच गेला असेल. ते काम घरचे नाही, कंपनीच्या कार्यशाळेचे आहे, आणि बहुधा वॉरंटीत बसते.

हा दोष काल्पनिक समजू नये. ह्युंदाई कंपनीच्या आयोनिक ५ आणि तिच्या भावंडांत चार्जिंगचे काम करणारी पेटी बिघडून बारा व्होल्टची बॅटरी भरणे बंद पडू शकते, असे आढळल्यावर २०२४ साली अमेरिकेत लाखाहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या, आणि आपल्याकडेही सतराशेंवर. असा बिघाड चालत्या गाडीत झाला तर ती काही काळ छोटीच्या शिलकीवर चालते आणि मग तिचे बळ जाते. म्हणून रस्त्यात बॅटरीचा लाल दिवा लागला की "घरी जाऊन पाहू" म्हणू नये. पंखा, गाणी बंद करून सुरक्षित जागी गाडी कडेला घ्यावी.

चौथी पायरी जरा नाजूक आहे. ती ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेली बरी. गाडी झोपेत असताना छोटीतून किती करंट जातो, ते मोजायचे. ऋण टर्मिनल सोडून त्या वाटेत मीटर बसवायचा, दहा अँपिअरच्या खुणेवर. मीटर बसल्यावर दार उघडायचे नाही, गाडी सुरू करायची नाही, नाहीतर मीटरचाच फ्यूज जातो. आणि किल्ली दूर ठेवायची. आताच्या किल्ल्या जवळ असल्या की गाडी अर्धवट जागी राहते. दारामागच्या खुंटीवर किल्ली आणि भिंतीपलीकडे गाडी, एवढ्यानेही काहींची झोपमोड होते. मग वाट पाहायची. येथे बहुतेकांची चूक होते. बंद केल्याबरोबर गाडी झोपत नाही, तिच्यातले संगणक एकेक करून निजतात. अर्धा तास, कधी तास लागतो.

त्या रविवारी पहिल्या गाडीला आम्ही मीटर लावला तेव्हा आकडा चारच्या वर होता. पर्यवेक्षक म्हणाले, "बघा, किती खाते आहे!" आम्ही म्हटले, साहेब, चहा घेऊ. चहा आला, दुसऱ्यांदा आला. आकडा सव्वावर उतरला, मग एकदम खाली येऊन ०.२५ वर थांबला, आणि तेथून हलेना. निजलेल्या गाडीचा करंट ०.०५ च्या आत असावा लागतो. म्हणजे कोणीतरी ०.२० जास्तीचे खात होते. छोटीच्या धन टर्मिनलवरून एक बारीक लाल वायर, काळ्या पट्टीने गुंडाळलेली, काचेकडे गेली होती. ती सोडली. आकडा ०.०३. पुन्हा जोडली. ०.२५.

काचेवर काय होते? ठेकेदाराने सगळ्या गाड्यांत बसवलेला कॅमेरा आणि गाडीचा माग ठेवणारे यंत्र. चालक कोठे थांबतो, किती वेळ थांबतो, झोपतो काय, हे पाहण्यासाठी बसवलेले. बसवणाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी दोन्हींची वायर थेट बॅटरीवर टाकली होती, गाडी बंद असतानाही चालू राहील अशी. आता हिशेब तिसरीतल्या मुलाचा आहे. ०.२५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. सहा दिवसांत ३६. आणि छोटीवर छापलेले होते ३५. कॅमेरा नसता तर त्याच सहा दिवसांत चारांच्या थोडे वर खर्च झाले असते आणि गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली असती. रिकाम्या जागेत रिकाम्या गाडीवर सहा दिवस पाळत ठेवून ती यंत्रे गाडी मारून मोकळी झाली होती. पर्यवेक्षकांनी हिशेब स्वतःच्या मोबाइलवर पुन्हा केला. उत्तर तेच आले.

सहा गाड्यांत हाच प्रकार निघाला. सातवी वेगळी होती. तिचा कॅमेरा काही दिवसांपूर्वीच बिघडून काढलेला होता, चोर कोणीही नव्हता. पण रात्रभर चार्जरवर ठेवूनही छोटीचा दाब १०.५ च्या वर टिकेना. सहा घरांपैकी एक घर गेले की साडेबारातून दोन वजा होतात, हा आकडा आमच्या धंद्यात बारशाच्या तिथीसारखा ओळखीचा आहे. तिचे पोट बिघडले होते. विजेच्या गाडीत हा रोग फसवा असतो. पेट्रोल गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ मारताना कण्हते, आपल्याला आठवडाभर आधी कळते. येथे सेल्फच नाही. कॉन्टॅक्टर ओढण्यापुरता जोर असेतोवर सगळे ठीक, आणि एके दिवशी काहीच नाही. म्हणून तीन वर्षे झाली की वर्षातून दोनदा तरी मीटर लावावा. आपल्या उन्हाळ्यात छोटीचे आयुष्य आणखी कमी होते.

आठव्या गाडीत 'रेडी' केल्यावरही आकडा चढला नाही. कंपनीच्या कार्यशाळेने पुढे कन्व्हर्टर बदलून दिला, वॉरंटीत.

राहिली नववी. ही गाडी आमच्या संघटनेच्या एका शाखा चिटणिसाची. माणूस तळमळीचा, वर्गणी गोळा करण्यात सर्वांच्या पुढे. तिच्या कॅमेऱ्याची वायर नीट होती. गाडी बंद झाली की कॅमेरा बंद व्हायचा. तरीही मीटर ०.२३ वर उभा. एकेक फ्यूज काढत गेलो. एका फ्यूजशी आकडा कोसळला. त्याच्या मागून एक वायर डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे गेली होती. मूर्तीभोवती रंगीत दिव्यांची माळ. चिटणिसांनी ती स्वतःच्या हाताने, अखंड चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडली होती, आणि दिवाळीला जाताना तशीच ठेवली होती. दिवसाला साडेपाच अँपिअर-तास. सहा दिवसांत तेहेतीस.

पर्यवेक्षक आमच्याकडे पाहू लागले. आमचे तरुण कार्यकर्तेही आमच्याकडे पाहू लागले. एकजण हळूच म्हणाला, "दादा, हिचाही कॅमेराच लिहा ना, कोण बघतंय?" श्रोतेहो, खोटे कशाला बोलू, तसे लिहिण्याचा मोह आम्हांला झाला. नवव्या कागदावर आम्ही लिहिले ते असे : "चालकाने बसवलेली दिव्यांची माळ." चिटणीस दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. ठेकेदाराने आठ जणांचे पैसे पुढच्या पगारात परत केले आणि यंत्रांच्या वायरी बदलून घेतल्या. नवव्याचे दोन हजार चारशे गेले ते गेले. आम्ही शब्द दिलेला होता. चिटणीस आता बोलतात. माळही आहे, पण ती गाडी बंद झाली की विझते.

आता घरच्या गाडीबद्दल थोडे. छोटी उतरली आणि आपण रस्त्यात किंवा सोसायटीच्या तळघरात अडकलो तर काय करावे? किल्लीच्या पोटात लोखंडी पाते असते, त्याने दार उघडते. मग दुसऱ्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून, किंवा हल्ली खिशात मावणारे बूस्टर मिळतात त्यावरून, जोर द्यावा. लाल वायर आधी, धन ते धन. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणावर आणि दुसरे सर्वांत शेवटी आपल्या गाडीच्या कोऱ्या लोखंडी भागावर, बॅटरीपासून दूर. कॉन्टॅक्टर ओढण्यापुरताच जोर लागतो, त्यामुळे लहान बूस्टरही चालतो. 'रेडी' दिसले की वायरी उलट क्रमाने काढाव्यात आणि गाडी तासभर तरी तशीच चालू ठेवावी. कन्व्हर्टर छोटीला भरू लागतो. मात्र पूर्ण मेलेली छोटी तासाभरात भरत नाही. रात्रभर साध्या चार्जरवर सावकाश भरणे चांगले, आणि दुसऱ्या दिवशी मीटर लावणे त्याहून चांगले. खूप दिवस उपाशी राहिलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे कडक थर बसतात. मग ती भरल्यासारखी दिसते आणि भरत नाही. उलट उपकार मात्र करायला जाऊ नये. आपल्या विजेच्या गाडीवरून शेजाऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करणे बहुतेक कंपन्यांनी मना केले आहे. सेल्फ एका क्षणात शेकडो अँपिअर ओढतो, आणि आपली छोटी त्या ताकदीची नाही.

आपल्यातील पुष्कळ ज्येष्ठ मंडळी मुलांकडे अमेरिकेस चार-चार महिने जातात आणि गाडी खाली झाकून ठेवतात. त्यांनी दोनांतील एक करावे. घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाकडून आठवड्याला एकदा तासभर गाडी 'रेडी' करवावी; किंवा गाडीच्या पुस्तकात तसे करायला सांगितले असेल तर छोटीचे ऋण टर्मिनल सोडून जावे. छोटी मागच्या डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल, तर आधी ती पुन्हा उघडायची कशी ते पाहून घ्यावे. आमच्या एका स्नेह्यांनी ती बंद केली आणि मग विचार केला. आणि चार्जिंगची गन लावून ठेवली म्हणजे छोटी आपोआप जपली जाते, असे समजू नये. मोठी भरली की पुष्कळ गाड्यांत कन्व्हर्टर थांबतो. गन लावलेली असल्यामुळे संगणक मात्र जागे राहू शकतात, आणि मग छोटी उपाशी ती उपाशीच. मोबाइलवरून दर तासाला गाडीची ख्यालीखुशाली विचारण्याचीही सवय सोडावी. प्रत्येक वेळी ती झोपेतून उठते.

एक शेवटची गोष्ट, ती आमच्या माणसांची आहे. जुनी छोटी भंगारवाल्याला चार पैशांसाठी देऊ नये. तिच्या वजनाचा अर्ध्याहून मोठा भाग शिसे असते. गल्लीत ती कुऱ्हाडीने फोडून, आम्ल गटारात ओतून, उघड्या भट्टीत शिसे वितळवणारी पोरे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ते शिसे त्यांच्या रक्तात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत जमा करून घेण्याची व्यवस्था उत्पादकाने करायची आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी आणि पावती मागावी.

प्रश्न असतील तर विचारावेत. आम्ही मीटर बरोबर आणला आहे. ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत त्यांनी सभा संपल्यावर बॉनेट उघडावे, फक्त किल्ली आमच्या चिटणिसांकडे देऊन ठेवावी. ते दाराजवळ बसले आहेत, होय, तेच.